गोदामातून पुन्हा पुलाकडे

प्रश्न : पुण्यात मी नऊ वर्षे स्थापत्य अभियंता होते, कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील ब्रॅम्प्टनला आल्यापासून गोदामात खोकी भरते आहे. करिअर समुपदेशक 'आशे'विषयी बोलतात. त्याने नोकरी मिळते का?

उत्तर : नुसत्या आशेने नाही. मात्र कॅनडातील करिअर समुपदेशनाचे अभ्यासक नॉर्मन अमंडसन आणि सहकाऱ्यांच्या आशाकेंद्री समुपदेशनाच्या पद्धतीत आशा म्हणजे धीराचे गोड शब्द नव्हेत. समुपदेशक कागदावर वर्तुळ काढून आपण तडीस नेलेले एखादे काम, समजा पावसाळ्याआधी पुरा केलेला पूल, तपशिलाने सांगायला लावतात आणि त्यातून दिसणारी कौशल्ये भोवती लिहीत जातात. खोकी भरता भरता ही कौशल्ये आपलीच आहेत हे माणूस खरोखर विसरतो. मग मार्ग शोधायचे, तेही एकाहून अधिक. ऑन्टॅरिओत अभियंता परवान्यासाठीची कॅनडातील अनुभवाची अट मे २०२३मध्ये रद्द झाली आहे. तेव्हा पुण्यातील कामांचे दाखले आधी मागवून घ्या.