‘सुकी देस’चं मराठी काय?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: “धाकट्या बहिणीसाठी एका जपानी ॲनिमेची मराठी सबटायटल्स करतोय. शाळेतली प्रेमकथा आहे. मुलगा गच्चीवर मुलीला बोलावतो आणि म्हणतो, ‘सुकी देस’. इंग्रजी सबटायटलमध्ये ‘आय लव्ह यू’ आहे. मी लिहिलं, ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’. बहीण खो खो हसली, म्हणाली आता मागे व्हायोलिनं वाजणार. काय लिहू? आणि या प्रसंगाला जपानीत ‘कोकुहाकू’ म्हणतात, त्याला मराठी शब्द कोणता?”

तुमच्या बहिणीचा कान चांगला आहे. ‘मला तू आवडतेस’ लिहा.

उत्तर एवढंच, पण ते का बरोबर आहे यात खरी गंमत आहे. तुम्ही जपानीतून मराठीत यायला इंग्रजीचा वळसा घेतलात आणि त्या वळशात नेमकी तीच गोष्ट सांडली जी दोन्ही भाषांकडे आधीपासून होती. ‘सुकी’ हे क्रियापदच नाही. विशेषणाच्या जातीचा शब्द आहे. ‘किमि गा सुकी’ या वाक्यात ‘गा’ हा कर्त्याचा प्रत्यय ‘किमि’ला, म्हणजे ‘तू’ला लागलाय. ज्याला आवडतं तो बाजूला, बहुधा वाक्यात नसतोच. आता ‘मला तू आवडतेस’ बघा. ‘तू’ प्रथमेत, क्रियापद ‘तू’च्या मागे चाललेलं आणि बोलणारा बिचारा ‘मला’ होऊन चतुर्थीत बसलेला. दोन्ही भाषांत आवडणं ही मी केलेली कृती नाही, माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. मराठीत तर सगळा जिव्हाळ्याचा कारभार असाच चालतो. लळा लागतो, जीव जडतो, मन बसतं, राग येतो, आठवण येते. यातलं काहीच आपण ‘करत’ नाही. म्हणून सोळा वर्षांचा मुलगा ‘प्रेम करतो’ म्हणाला की त्यानं एखादा प्रकल्प हाती घेतल्यासारखं वाटतं.

आणखी एक बारकावा. ‘मी प्रेम करतो’ यात क्रियापदावर बोलणाऱ्याचं लिंग उमटतं. ‘आवडतेस’मध्ये ऐकणारीचं. म्हणजे पहिल्या वाक्यात क्रियापद स्वतःकडे तोंड करून उभं आहे, दुसऱ्यात समोरच्या मुलीकडे. गच्चीवरच्या प्रसंगाला दुसरंच हवं.

‘प्रेम करतो’ मात्र फेकून देऊ नका, जपून ठेवा. जपानीत ‘सुकी’च्या वर ‘दाइसुकी’ आहे, ते ‘खूप आवडतेस’; आईला, मांजराला आणि नूडल्सच्या वाडग्यालाही चालतं. त्याच्याही वर ‘आइशितेरु’. हे खरंखुरं क्रियापद, वजनदार, गाण्यांत आणि नाटकांत ऐकू येणारं, रोजच्या बोलण्यात क्वचितच. कथेत ते आलं तर अगदी शेवटी येतं. तिथे ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ लिहा, कारण तिथे जपानी कानालाही थोडं अवघडल्यासारखं व्हायचंच असतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच वाक्य आलं की प्रेक्षकाला कळतच नाही की नायक जिना चढतोय.

प्रेमाला म्हणून जपानीत जो भारदस्त जोडशब्द आहे, ‘रेन्आइ’, तो मैजी काळात, म्हणजे जपान आधुनिक होत होता तेव्हा, पाश्चात्त्य कल्पनेसाठी रुळला. 1892 साली कितामुरा तोकोकु या कवीनं एका निबंधात त्याला जीवनाच्या रहस्याची किल्ली म्हटलं. (ही किल्ली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) गच्चीवर मात्र हा शब्द कुणी काढत नाही.

आता कोकुहाकू. ‘कबुली’ हा कोशातला शब्द आणि तो चुकीचा नाही. जपानी शब्दालाही गुपित किंवा पाप उघड करण्याची छटा आहे. रूसोच्या प्रसिद्ध आत्मकथनाचं जपानी नाव हेच आहे. पण ‘कबुली’ म्हटलं की आपल्याला पोलीस दिसतो. कॉलेजातली मुलं सरळ ‘प्रपोज केलं’ म्हणतात आणि माझ्या मते हा अगदी मराठी शब्द आहे. इंग्रजीत प्रपोज म्हणजे लग्नाची मागणी; आपल्याकडे प्रपोज करणाऱ्याला लग्न स्वप्नातही नसतं, त्याला फक्त उत्तर हवं असतं. कोकुहाकूही नेमकं तेवढंच: तू आवडतेस, माझ्याबरोबर फिरशील का, हो की नाही. त्याहून घरगुती शब्द ‘विचारणं’. “विचारलंस का तिला?” यात काय विचारलं हे कुणी विचारत नाही. जपानी पोरांनी कोकुहाकूचं ‘कोकुरु’ असं सुटसुटीत क्रियापद केलंय, त्याला हा ‘विचारणं’ फिट बसतो. नकार मिळाला तर जपानीत ‘फुरु’, म्हणजे मुळात झटकणं, हलवून टाकणं. आपलं ‘झिडकारलं’ त्याच घरातलं.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. या प्रकारच्या मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमेतली गोडी आणि निराशा, दोन्ही या एका शब्दाभोवती फिरतात. सगळी कथा वाचकाला एका वाक्यासाठी ताटकळत ठेवते. ताटकळत ठेवण्याला माझा आक्षेप नाही. आपल्या लावणीनं दुसरं काय केलं? प्रश्न आहे तो मधल्या काळात काय भरलं याचा. ते एक वाक्य सोडून बाकी सगळं दोघं एकमेकांना सांगत असतील, डबा देण्यातून, छत्री धरण्यातून, तर वाट बघण्यात सुख आहे. वाक्य नुसतंच अडवून धरलं असेल, तर तो नळाला पाणी न येण्यासारखा त्रास आहे. मुलगा तोंड उघडतो आणि नेमके तेव्हाच आकाशात फटाके फुटतात, ती म्हणते, “काय म्हणालास?” आणि तो म्हणतो, “काही नाही.” पहिल्यांदा हसू येतं. तिसऱ्यांदा फटाकेवाल्याला शोधावंसं वाटतं.

‘निसेकोई’, म्हणजे ‘खोटं प्रेम’, ही नाओशी कोमी यांची मालिका 2011 ते 2016 अशी चालली, 25 खंड झाले. नायकाच्या गळ्यात लॉकेट आणि ते उघडणारी किल्ली लहानपणी कुठली मुलगी घेऊन गेली हे त्याला आठवत नाही. पुढे एकेक मुलगी किल्ली घेऊन उभी राहते. सुरुवात झकास आहे, पण मग किल्ली हीच कथा झाली आणि माणसं तिचा जुडगा सांभाळत बसली. तोकोकुची किल्ली रहस्य उघडण्यासाठी होती, ही कुलूप लावण्यासाठी.

उलट ‘कागुया-सामा’. आका आकासाका यांची 2015 ते 2022 ची मालिका. दोन अतिहुशार विद्यार्थी, दोघांना एकमेकं आवडतात, पण जो आधी बोलेल तो हरला असं दोघांनी ठरवून टाकलंय. म्हणजे अडवणूक आहेच, ती तर उघडपणे खेळाचा नियम आहे. पण अडवणारा फटाका बाहेरचा नाही, त्यांचा स्वतःचा ताठा आहे. म्हणून ती कंटाळवाणी होत नाही. आणि ‘होरिमिया’त तर कोकुहाकू लवकरच उरकतं: होरीला ताप आलाय, ती झोपली आहे असं समजून मियामुरा बोलून टाकतो, ती जागी असते. मग उरलेली गोष्ट ‘बोलल्यानंतर काय’ याची. असं धाडस थोडेच करतात. ‘हो’ मिळालं की पडदा पाडायचा ही जुनी सवय, आपल्या चित्रपटांतलीसुद्धा.

सबटायटलकडे परत येऊ, कारण दुसरी मोठी सांडलवंड हाकेत होते. जपानी वर्गात मुलं एकमेकांना आडनावानं हाक मारतात, वर नावामागे ‘सान’ किंवा ‘कुन’ असा संबोधनाचा शब्द. हा मागचा शब्द गळून नुसतं नाव उरलं की त्याला ‘योबिसुते’ म्हणतात आणि कित्येक कथांत हा क्षण कोकुहाकूच्या तोडीचा असतो. इंग्रजी सबटायटल बऱ्याचदा पहिल्याच भागापासून सरसकट पहिलं नाव लिहितं, मग बाराव्या भागात नायिका का लाजली हे प्रेक्षकाला कळत नाही. तुम्ही ‘सान’, ‘कुन’ तसेच ठेवा, मराठी वाचकाला ते जड जात नाहीत. ज्या भाषेत ‘अहो’वरून ‘अरे’वर कधी आलो यावर अख्खी भांडणं होतात, तिला हे शिकवावं लागत नाही. लग्नानंतर जपानी बायको नवऱ्याला ‘आनाता’ म्हणते, त्याचं कोशातलं मराठी ‘तुम्ही’, खरं मराठी ‘अहो’. आपल्याकडे तर नाव घेणं एवढं नाजूक की त्यासाठी उखाणा हा स्वतंत्र प्रकार तयार झाला. दिशा मात्र उलटी आहे. तिथे जवळ आल्यावर नाव उघडं पडतं. इथे जवळ आल्यावर झाकलं जायचं.

कारुहो शिइना यांच्या ‘किमि नि तोदोके’त सगळी कथाच नावावरून सुरू होते. नायिका सावाको, लांब काळे केस आणि गंभीर चेहरा यामुळे वर्ग तिला सादाको म्हणतो, म्हणजे भयपटातली भुताटकी. मालिकेचं नाव मराठीत करायचं तर इंग्रजीचा आधार घेऊच नका. ‘तोदोके’ हे ‘पोचणं’चं आज्ञार्थी रूप, भावनेला उद्देशून. आपल्याकडे यासाठी घडवलेलं रूप तयार आहे: ‘तुझ्यापर्यंत पोचो’. ‘सुखी होवो’मधला हा ‘ओ’ आता बहुतेक निमंत्रणपत्रिकांवरच उरलाय, त्याला जरा काम मिळेल.

आवाजांचं काय, हेही पुढे येईलच. ‘दोकिदोकि’ म्हणजे धडधड, सोपं आहे. ‘सेत्सुनाई’ या विशेषणावर जपानी शिकणारे डोकं धरून बसतात, पण आपली ‘हुरहूर’ त्याच्या फार जवळ जाते. अडचण ‘क्युन’ची. गोड काहीतरी पाहून छातीत बारीक कळ येते तो आवाज. मराठीत काळजात चर्र होतं ते दुःखानं, धस्स होतं ते भीतीनं, लक्क होतं ते धक्क्यानं. गोड कळ आपल्याकडे बिनआवाजाची आहे. तिथे काही लिहू नका, चित्र बोलतं. पोटात फुलपाखरं तर मुळीच सोडू नका, ती विमानानं आलेली आहेत.

एका जागी मराठी तुम्हाला दगा देईल, तिची आधीच तयारी ठेवा. ‘सुकी’ला लिंग नाही, कर्ता लागत नाही, कर्म लागत नाही. त्यामुळे एक ठरलेला विनोद असतो: मुलीच्या तोंडून ‘सुकी’ निसटतं, मुलगा दचकतो, ती घाईघाईनं म्हणते, “म्हणजे… हे पुस्तक!” मराठीत ती ‘आवडतोस’ म्हणाली तर सुटका नाही, ‘आवडतं’ म्हणाली तर दचकायचं कारण नाही. मग तृतीय पुरुषी पुल्लिंग शोधा. “खूप आवडतो.” “कोण?” “पाऊस.” पुस्तकाचा पाऊस झाला तरी चालेल, फक्त खिडकीबाहेर ऊन आहे का तेवढं पाहून घ्या.

आणि कधी ना कधी चंद्राचा संवाद येणार. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी शिकवत असताना ‘आय लव्ह यू’चं भाषांतर ‘चंद्र सुंदर आहे, नाही का’ असं करा म्हणाले, अशी दंतकथा आहे. त्यांच्या लेखनात हे कुठेही सापडत नाही, पण जपानी वाचक ती इतकी मानतो की 2017 साली ‘त्सुकी गा किरेई’, म्हणजे ‘चंद्र सुंदर आहे’, नावाची सबंध ॲनिमे मालिका त्या वाक्यावर निघाली. मूळ जपानी वाक्याच्या शेवटी ‘ने’ आहे आणि सगळा जीव त्यात आहे: मी पाहतोय ते तूही पाहतेयस ना? आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे. “चंद्र किती छान दिसतोय ना.” पुढे तळटीप देऊ नका. तिच्या ओळीत “हो ना” एवढंच लिहा.