वाळूत पाया, उन्हात काच

वाचक विचारतात

दुबई, अबू धाबी, जेद्दा इथल्या नव्या इमारतींविषयी बरीच पत्रं आली आहेत. घरातलं कोणीतरी तिकडे नोकरीला आहे अशी कुटुंबं पुण्यात कमी नाहीत, त्यामुळे हे प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत. काही प्रश्न निवडले आहेत. ज्यांचा उपयोग इथेही होईल, त्यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : पुण्यात थोडं खोदलं की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. दुबईत तर सगळी वाळू. मग ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा उभा कशावर आहे? – एक निवृत्त ओव्हरसियर, सदाशिव पेठ

उत्तर : नुसत्या वाळूवर नाही, आणि आपण ज्याला खडक म्हणतो त्यावरही नाही. वरची वाळू संपली की तिथे कच्चा वालुकाश्म लागतो. हातोड्याचे चार घाव घातले तर भुगा होईल इतका तो ठिसूळ. आपल्या बेसाल्टशी त्याची तुलनाच नको. अशा दगडावर पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून भरलेल्या काँक्रीटच्या खांबाचं, टोक टेकवून भार सोडता येत नाही, म्हणून भार पाइलच्या बाजूंनी, घर्षणावर तोलला आहे. लाकडात ठोकलेला खिळा जसा सगळ्या अंगाने धरला जातो, तसंच हे.

हिशेब करून पाहा. पाइल १९२ आहेत, प्रत्येकाचा व्यास १.५ मीटर आणि लांबी सुमारे ४३ मीटर. म्हणजे एका पाइलच्या बाजूचं क्षेत्रफळ २०० चौरस मीटरच्या वर जातं. एका पाइलवर ३,००० टनांचा भार धरला होता, तेव्हा दर चौरस मीटरला जेमतेम १५ टन येतात. चाचणीच्या पाइलवर ६,००० टनांपर्यंत भार टाकून पाहिला होता. पाइलच्या डोक्यावर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, आहे. त्यात १२,५०० घनमीटर काँक्रीट गेलं. आपल्याकडच्या ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या दोन हजारांहून अधिक खेपा! हा राफ्ट एकदम भरला नाही. तीन पंख आणि मधला गाभा असे चार भाग केले, आणि प्रत्येक भाग भरायला किमान २४ तास लागले.

घर्षणाच्या पाइलमध्ये घात होतो तो भोकाच्या भिंतीवर. भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचा घोळ भरला, तर भिंतीला चिखलाचा थर बसतो आणि पकड कमी होते. त्यामुळे तिथे पॉलिमरचा द्रव वापरला. काँक्रीट ट्रेमी पाइपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीने, तळापासून वर भरायचं आणि पाइपचं तोंड कायम काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेलं ठेवायचं. ते एकदा जरी बाहेर आलं तरी द्रव आत शिरतो आणि पाइलला मध्येच कच्ची पट्टी राहते, जी वरून कोणाला दिसत नाही. पुण्यात पाइल घालणाऱ्यांनाही हा नियम तंतोतंत लागू आहे.

पण आमच्या मते तिथलं सर्वांत अवघड काम वजन तोलण्याचं नव्हतं, मिठाला रोखण्याचं होतं. त्या जागेच्या भूजलात क्लोराइड ४.५ टक्क्यांपर्यंत आणि सल्फेट ०.६ टक्क्यांपर्यंत सापडलं, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षाही ते खारट. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. म्हणून पाइलच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के फ्लाय अॅश आणि ७ टक्के सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) घातली आणि पाण्याचं प्रमाण सिमेंटच्या ०.३२ पट इतकं कमी ठेवलं. अशा काँक्रीटमध्ये पाण्याला वाटच सापडत नाही. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर वाढवलं, गंजरोधक रसायन मिसळलं, जलरोधक थर दिला, आणि राफ्टखाली टायटॅनियमची जाळी अंथरून कॅथोडिक संरक्षणाची सोय केली. त्या जाळीतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडला की सळई गंजत नाही. पुण्यात इतकं लागत नाही, पण बोअरवेलचं पाणी न तपासता काँक्रीटमध्ये वापरणाऱ्यांनी क्लोराइडची चाचणी जरूर करून घ्यावी. खर्च नगण्य आहे.

प्रश्न : ४५ अंशांत काँक्रीट ओततात कसं? आमच्याकडे एप्रिलमध्ये स्लॅब भरला की दुसऱ्या दिवशी तडे दिसतात. – सिव्हिलची विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे ते दिवसा ओततच नाहीत. बुर्ज खलिफाचं उन्हाळ्यातलं काँक्रीट रात्री भरलं गेलं, आणि मिश्रणातल्या पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फ घातला. बर्फच का, हे आकड्यांत समजून घ्या. एक घनमीटर काँक्रीट एका अंशाने गार करायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ३८ अंशांचं एक किलो पाणी कमी करून तेवढाच बर्फ टाकला, तर तो वितळताना आणि मग तापताना जवळपास ४९५ किलोज्यूल ओढून घेतो. म्हणजे एका अंशासाठी ५ किलो बर्फ. थोडा वाटेतच वाया जातो, म्हणून ७ किलो धरा. ३८ वरून ३० वर यायला घनमीटरला ४० ते ५५ किलो. तेवढं पाणी मिश्रणातून वजा करायला विसरलात तर वॉटर-सिमेंट रेशो बिघडतो आणि ताकद जाते. बर्फ चुरा करूनच घालायचा. मोठे तुकडे राहिले तर ते काँक्रीट ओतल्यावर वितळतात आणि तिथे पोकळी उरते.

काँक्रीट एकाच टप्प्यात ६०० मीटरच्या वर पंप केलं गेलं, त्या काळचा तो विक्रम होता. त्याआधी जमिनीवर लांबच लांब पाइप वळणं देऊन आडवा टाकला आणि तेवढाच विरोध निर्माण करून मिश्रण तपासलं. उंची वाढेल तसं मिश्रणही बदललं. मोठी खडी अरुंद पाइपात अडते, म्हणून वर जाताना खडी बारीक होत गेली. पाइप तुंबण्याचं नेहमीचं कारण पंपाची ताकद नसते. सुरुवातीला सिमेंटची लापशी न सोडता सुक्या पाइपात काँक्रीट ढकललं, किंवा पाइप उन्हात तापला, की पुढचा गोळा घट्ट बसतो. पाइपावर ओलं गोणपाट गुंडाळणं हा आपल्याकडचा जुना उपाय आजही उत्तम आहे.

आता तुमचे तडे. दुसऱ्या दिवशी दिसणारे, जाळीसारखे किंवा समांतर, कोपऱ्यापर्यंत न पोचणारे तडे बहुधा प्लॅस्टिक श्रिंकेजचे, म्हणजे ओलं काँक्रीट आकसल्याचे, असतात. ते पडतात मात्र पहिल्या काही तासांतच, लक्षात दुसऱ्या दिवशी येतात. पृष्ठभागावरचं पाणी खालून वर येण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने उडून गेलं की वरची साय आकसते. पुण्याचा एप्रिल कोरडा, त्यात दुपारचा वारा. स्लॅब पहाटे चार-पाचला सुरू करून नऊपर्यंत संपवावा, किंवा संध्याकाळनंतर भरावा. भरण्याआधी सेंट्रिंगच्या प्लेटा आणि सळया पाणी मारून गार कराव्यात, पण पाणी साचू देऊ नये. फिनिशिंग झालं की लगेच प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. वाफा बांधून पाणी भरायचं ते नंतर, पृष्ठभागावर बोट उमटेनासं झाल्यावर. मिक्सर वाटेत अडकून काँक्रीट घट्ट झालं म्हणून साइटवर बादलीभर पाणी ओतणं सर्वांत वाईट. त्याऐवजी प्लँटला सांगून रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणं लांबवणारं रसायन) योग्य मात्रेत घालून घ्या. मात्रा जास्त झाली तर मात्र स्लॅब दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो.

प्रश्न : पाम जुमेराह बेटासाठी वाळवंटातलीच वाळू वापरली का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. वाऱ्याने घासून गोल, गुळगुळीत झालेले कण एकमेकांत अडकत नाहीत, दाबले तरी सरकतात. म्हणून समुद्रतळाची वाळू उपसून जहाजातून कारंज्यासारखी फवारली. तिचं प्रमाण ९ कोटी घनमीटरच्या वर आहे. नंतर लांब कंपनदांडे खुपसून ती दाबली. भोवती सुमारे ११ किलोमीटरचा दगडी बांध आहे. सलग बांधामुळे आतलं पाणी साचून राहू लागलं, म्हणून त्यात दोन जागी फटी ठेवाव्या लागल्या. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरताना हाच धडा उलट्या बाजूने लागू पडतो. तिचे कण कोनदार असल्याने पकड छान बसते, पण पाणी जास्त मागते आणि धूळ धुतलेली नसेल तर आणखीच.

प्रश्न : वाळवंटात काचेच्या इमारती बांधतात, ते शहाणपणाचं आहे का? आमच्या खराडीच्या ऑफिसात पश्चिमेच्या काचेमुळे चारनंतर बसवत नाही. – एक वाचक, विमाननगर

उत्तर : स्पष्ट सांगायचं तर, उघडी काच हे शहाणपण नव्हे. भरपूर वीज आणि समुद्राचं पाणी गोडं करण्याची ऐपत होती म्हणून ते खपून गेलं. पण त्याच प्रदेशात चांगली उदाहरणंही आहेत, आणि ती सगळी ऊन काचेच्या बाहेर अडवतात. अबू धाबीतले अल बहर मनोरे २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या काचेपासून दोन मीटर पुढे छत्रीसारख्या उघडझाप करणाऱ्या पडद्या आहेत, प्रत्येक मनोऱ्यावर हजाराहून अधिक. सूर्य सरकतो तशा त्या मिटतात आणि उघडतात. उत्तरेच्या बाजूला त्या नाहीतच, कारण गरज नाही. आम्हाला ही उणी जागाच फार आवडते. जुन्या अरबी घरांच्या लाकडी जाळीचं, मश्रबियाचं, हे नवं रूप. जाँ नूव्हेल यांनी रचलेल्या, २०१७ मध्ये उघडलेल्या लूव्र अबू धाबीचा घुमट १८० मीटर व्यासाचा, सुमारे ७,५०० टनांचा आहे आणि चारच खांबांवर टेकला आहे. आठ थरांतल्या ७,८५० ताऱ्यांच्या नक्षीतून ऊन गाळत गाळत खाली येतं. आपल्या वाड्यातल्या कौलांच्या फटीतून पडणारे कवडसे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यात अपरिचित असं काही वाटणार नाही.

तुमच्या ऑफिसचा प्रश्न असा आहे. मे महिन्यात पुण्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंशांवर असतो. ६० सेंटिमीटरचा छज्जा तेव्हा पश्चिमेच्या काचेचा वरचा ३० सेंटिमीटर भाग झाकतो, बाकी काच उघडी. म्हणजे पश्चिमेला छज्जा वाढवून उपयोग नाही, उभे पंख किंवा बाहेरची जाळी हवी. १० चौरस मीटर साधी काच असेल आणि तिच्यावर दर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडत असेल, तर सुमारे ४ किलोवॉट उष्णता आत येते. एक टनाचा एसी ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक आख्खा एसी त्या एका काचेपायी खर्ची पडतो. आतले ब्लाइंड डोळ्यांना आराम देतात, पण ऊन तोवर आत आलेलं असतं. बाहेरून फटी असलेली अॅल्युमिनियमची जाळी किंवा काढता येण्याजोगं दाट विणीचं कापड लावलं तर ही उष्णता पाऊण भागाने कमी होऊ शकते. सॅश उघडून काच पुसता येईल इतकी, किमान ४५ ते ६० सेंटिमीटर जागा मध्ये सोडा. फिल्म लावणारच असाल तर काच कुठली ते आधी विचारा. दुहेरी काचेवर किंवा टफन न केलेल्या काचेवर आतून गडद फिल्म लावली, तर काचेचा मधला भाग तापतो, कडा गार राहतात आणि एके दुपारी काच कडेपासून तडकते.

एसीच्या पाण्याविषयीही विचारलं आहे. बुर्ज खलिफात दमट हवेतून निथळणारं पाणी वर्षाला सुमारे ५.७ कोटी लिटर गोळा होतं आणि बागेला जातं. तुमच्याकडचं पाणी झाडांना आणि फ्लशला चालेल. पिण्यासाठी नको, कारण कॉइलवरचा धातू आणि जंतू त्यात उतरतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं एलिव्हेशन एसीपी लावून नवं करायचं ठरतंय. दुबईतल्या आगींचे व्हिडिओ पाहून भीती वाटते. – कमिटी सदस्य, बाणेर

उत्तर : भीती योग्य आहे. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री दुबईतलं उंच हॉटेल पेटलं, आणि टॉर्च नावाचा मनोरा २०१५ व २०१७ असा दोनदा. या आगी इमारतीच्या बाहेरून पसरल्या. एसीपीच्या ४ मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये अर्धा-अर्धा मिलिमीटर अॅल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये ३ मिलिमीटर गाभा असतो. तो गाभा साध्या पॉलिइथिलीनचा असेल तर मेणासारखा वितळतो, पेटते थेंब खाली टाकतो, आणि पॅनेलमागची पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. दुबईने त्यानंतर नियम कडक केले.

कंत्राटदाराकडून ए२ (जवळजवळ न जळणाऱ्या) दर्जाच्या गाभ्याचा चाचणी अहवाल मागा आणि साइटवर आलेल्या मालातलाच तुकडा कापून पाहा. गाभा काळा, रबरी असेल आणि नखाने सोलला जात असेल तर परत पाठवा. ए२ चा गाभा राखाडी-पांढरा आणि खडूसारखा ठिसूळ असतो. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर पॅनेलमागच्या पोकळीत खनिज लोकरीचा आडवा अडथळा हवा, आणि तो झाकण्याआधी कमिटीने मजल्यागणिक फोटो काढून ठेवावेत. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या वायरी पॅनेलमागे सोडू नका, ठिणगी बहुतेकदा तिथूनच पडते. आणि एक पर्याय विचारात घ्या. गिलावा नीट करून चांगला रंग दिला, तर जळण्यासारखं काही भिंतीवर राहतच नाही.

प्रश्न : एप्रिल २०२४ मध्ये दुबई पाण्यात गेली ती कृत्रिम पावसामुळे का? आणि जेद्दाचा एक किलोमीटरचा मनोरा कुठवर आलाय? – एक वाचक, धायरी

उत्तर : कृत्रिम पावसामुळे नाही. मोठी कमी दाबाची प्रणाली शेजारच्या ओमानवरही तशीच बरसली. अल ऐनजवळच्या एका केंद्रावर २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. सपाट जमीन, डांबर-काँक्रीटने झाकलेला पृष्ठभाग आणि क्वचित पावसापुरतीच गटारं, मग पाणी जाणार कुठे? त्यानंतर ३,००० कोटी दिरहमची पर्जन्यजल वाहिन्यांची योजना जाहीर झाली. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करणाऱ्या पुण्यातल्या सोसायट्यांनी ही रक्कम जरूर वाचावी.

जेद्दाच्या मनोऱ्याचं काम २०१३ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये थांबलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. इतक्या वर्षांच्या खंडानंतर काम उचलताना पहिली तपासणी उघड्या राहिलेल्या सळयांची करावी लागते. त्यांच्यावरचा गंज ब्रशने साफ करून व्यास मोजतात, आणि जिथे जुनं काँक्रीट नव्याला भेटणार तो पृष्ठभाग खडी उघडी पडेपर्यंत खरवडतात. सांध्यात मीठ आणि धूळ राहिली तर वरचा मजला खालच्याशी एकजीव होत नाही. आपल्याकडे दोन-चार वर्षं बंद पडलेल्या बांधकामात फ्लॅट घेताना कॉलमवरच्या उघड्या सळयांचं नेमकं काय केलं, हे बिल्डरच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या.