पानाच्या रुंदीवरून झोप ठरत नाही

गेल्या दोन महिन्यांत गांजा-भांगेच्या झाडासंबंधी आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना कृषी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेली उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा असून सहा वर्षांपासून स्टुटगार्ट येथे नोकरी करतो. जर्मनीत आता प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडे लावता येतात. दिवसभराच्या कामानंतर मन शांत करील असा ‘इंडिका’ वाण सज्जात लावावा, असे मनात आहे. बियाण्याच्या पाकिटांवर ‘अस्सल इंडिका, गाढ विश्रांती’ असे छापलेले असते. त्यावर कितपत विश्वास ठेवावा? लागवडीत कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आधी नावाचा घोळ सोडवू, कारण तुमच्या प्रश्नातील निम्मी अडचण त्या नावातच आहे. लिनीयसने १७५३ साली युरोपातील वाखाच्या झाडाला ‘कॅनाबिस सटायवा’ हे नाव दिले. पुढे १७८५ च्या सुमारास लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जाती मांडली. लामार्कच्या हाती पडलेले ते भारतीय झाड फांद्या पसरणारे आणि अरुंद पानांचे होते, म्हणजे आज दुकानदार ज्याला ‘सटायवा’ म्हणून विकतो, त्या वर्णनाचे. आजच्या पाकिटावरील इंडिका, म्हणजे बुटके, दाट, रुंद आणि गर्द पानांचे झाड, हे हिंदुकुश पर्वताच्या परिसरातले, मुख्यतः अफगाणिस्तानातले आहे. तेथे चरस काढण्यासाठी राळ भरपूर देणारी झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली, आणि १९७० च्या दशकात तेथील बियाणे पश्चिमेकडे पोहोचल्यावर ‘इंडिका’ हे नाव त्यांना चिकटले. थोडक्यात, आपल्या केरळातला गांजा नावाने भारतीय असूनही या बाजारात इंडिका ठरत नाही, आणि अफगाणी झाड मात्र ठरते.

तेव्हा हे नाव झाडाच्या ठेवणीविषयी थोडेफार सांगते, तुमच्या संध्याकाळीविषयी फारसे काही सांगत नाही. अमेरिकेतील सहा राज्यांमधल्या जवळजवळ ९० हजार नमुन्यांच्या रासायनिक तपासणीवर आधारलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. इंडिका, सटायवा आणि संकरित या तीन चिठ्ठ्यांचा आतील रसायनांशी भरवशाचा मेळ बसत नाही, असे त्यात दिसून आले. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका जनुकीय अभ्यासात एवढेच आढळले की, इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मिर्सीन या सुगंधी द्रव्याचे प्रमाण जास्त असण्याकडे कल आहे. हे मिर्सीन आपल्याला परके नाही. ते गवती चहात आहे, आंब्याच्या अनेक जातींत आहे आणि बिअरमधल्या हॉप्समध्येही आहे. मिर्सीनमुळे अंग जड होते असे विक्रेते ठामपणे सांगतात, परंतु फुलात असते तेवढ्या मात्रेने माणसाला झोप येते, याचा समाधानकारक पुरावा मी पाहिलेला नाही. म्हणून बियाणे घेताना पाकिटाच्या दर्शनी बाजूवरची ‘गाढ विश्रांती’ वाचू नका, मागच्या बाजूचे टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) आणि सीबीडी (त्याच झाडातले, नशा न आणणारे द्रव्य) यांचे प्रमाण वाचा. नवख्या माणसाला चित्ताची शांती हवी असेल, तर २० टक्क्यांहून अधिक टीएचसीचे बियाणे ही उलटी वाट आहे, कारण थोड्या मात्रेत जे द्रव्य सैलावते तेच मोठ्या मात्रेत छातीत धडधड आणि भीती उत्पन्न करते. टीएचसी व सीबीडी जवळजवळ समान असलेला वाण तुमच्या हेतूला अधिक मानवेल.

आता कायदा. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून, किमान सहा महिने तेथे वास्तव्य असलेल्या प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरापुरती एका वेळी तीन झाडे राहत्या घरी लावता येतात. घरात ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर २५ ग्रॅमपर्यंत सुका माल बाळगता येतो. येथेच बहुतेक हौशी बागाईतदार फसतात. मोकळ्या हवेत चांगले वाढलेले एकच झाड ५० ग्रॅमांहून अधिक सुकी फुले देऊ शकते, आणि मर्यादेवरचा माल नष्ट करणे हीच कायद्याची अपेक्षा असते. तो मित्रांना वाटता येत नाही, फुकटसुद्धा नाही. गणपतीच्या प्रसादासारखा शेजारी नेऊन देण्याची आपली सवय या बाबतीत आवरावी लागेल. लहान मुलांचा किंवा इतरांचा हात झाडापर्यंत पोहोचू नये, अशी व्यवस्था करणेही मालकावर बंधनकारक आहे. कमी उंचीच्या कठड्याचा तळमजल्यावरचा सज्जा त्या दृष्टीने अयोग्य होय.

लागवडीत हवामानाचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. हे झाड रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येते. स्टुटगार्टला जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो, त्यामुळे झाड नुसते वाढत राहते, ऑगस्टमध्ये फुलू लागते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिकते. आपल्या दक्षिणेकडच्या वाणांना फुलल्यानंतर तीन महिने किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. तोवर जर्मनीत थंडी पडलेली असते. अफगाणी वळणाचा वाण आठ-नऊ आठवड्यांत उरकतो, आणि माझ्या मते तुमच्या सज्जात इंडिका लावण्याचे खरे कारण हेच आहे. परंतु त्याचा दाट, घट्ट तुरा हा त्याचा दोषही आहे. शरदातील पावसात आणि दवात त्या तुऱ्याच्या पोटात राखाडी बुरशी धरते. बाहेरून फूल निरोगी दिसते, एखादे पान विनाकारण पिवळे पडून सहज उपटून येते, आणि तुरा उघडून पाहावा तर आतून कुजलेला असतो. असा तुरा कापून टाकावा. बुरशी आलेला भाग काढून उरलेला वापरण्याचा मोह धरू नये, कारण तो धूर फुप्फुसात जाणार असतो.

बी एप्रिलच्या शेवटी घरात रुजवावे आणि रोप मेच्या मध्यानंतर बाहेर काढावे. ११ ते १५ मे हे दिवस तेथील माळी ‘हिमसंतांचे दिवस’ म्हणून पाळतात आणि त्याआधी नाजूक रोपे बाहेर ठेवत नाहीत. आपल्याकडच्या नक्षत्रांच्या आडाख्यांसारखाच हा आडाखा आहे. कुंडी १५ ते २० लिटरची, तळाला पाण्याचा निचरा होणारी घ्यावी. नवखे लोक झाड वाळवून नव्हे, तर पाणी पाजून मारतात. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नये. फुलोरा सुरू झाल्यावर नत्राचे खत कमी करावे. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर सज्जात येत असेल तर फुलणे लांबते, हे ध्यानात ठेवावे. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचे पराग उडाले की मादीचे तुरे बियांनी भरतात व राळ घटते, म्हणून मादीच निपजेल असे बियाणे घेणे सोयीचे असते. काढणीची वेळ भिंगातून पाहून ठरवावी : राळेचे सूक्ष्म थेंब काचेसारखे पारदर्शक असतील तर थांबावे, बहुतेक दुधाळ होऊन काही मधाच्या रंगाचे दिसू लागले की कापावे. त्यानंतर अंधाऱ्या, हवेशीर, थंड खोलीत आठ-दहा दिवस उलटे टांगून सुकवावे आणि काचेच्या बरणीत भरून पहिले काही आठवडे बरणी रोज थोडा वेळ उघडावी. लोणच्याच्या बरणीला जपणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

आस्वादाबद्दल थोडेच सांगतो. युरोपात तंबाखू मिसळून ओढण्याची पद्धत फार आहे. ती मुळीच उचलू नका, कारण त्यात निकोटिनचीही सवय लागते. एक-दोन झुरक्यांनंतर किमान पंधरा मिनिटे थांबावे. सोबत मद्य नको. रोजचा नेम तर नकोच, कारण काही आठवड्यांत तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते आणि सोडल्यावर काही दिवस झोप उडते. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल तर जास्त सावध राहा : ऑगस्ट २०२४ पासून तेथे रक्तद्रवात दर मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी ही मर्यादा आहे, आणि नेहमी घेणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यानंतरही टीएचसी रेंगाळते. घराण्यात कोणाला तीव्र मानसिक आजार झालेला असेल, तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यात आमची शेती आहे. पणजोबांच्या काळी या भागात सरकारी परवान्याने गांजा पिकत असे, असे वडील सांगतात. ते खरे आहे का? उत्तराखंडात आता परवानगी मिळाली आहे, तर बांधावर दोन झाडे लावली तर चालतील का?

उत्तर : वडील सांगतात ते खरे आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षी नोंदवून १८९४ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात मुंबई इलाख्यातील लागवडीसंदर्भात नगर जिल्ह्याचा ठळक उल्लेख आहे. त्याच अहवालात बंगालच्या नौगाव भागातील पारखी माणसांची माहिती येते. हे लोक पैसे घेऊन शेतोशेत फिरत आणि फुलण्याआधीच नर झाडे ओळखून उपटून टाकीत. बिनबियांच्या तुऱ्याचे तंत्र पश्चिमेकडील बागाईतदार आज नवे म्हणून सांगतात, ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी मजुरीचे काम होते, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

परंतु बांधावर एकही झाड लावू नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘कॅनाबिस प्रजातीचे कोणतेही झाड’ अशी व्याख्या आहे, त्यामुळे इंडिका की सटायवा हा वाद न्यायालयात उपयोगाचा नाही. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसती पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांसाठी झाड लावले तर चालेल, असा तर्क काही जण करतात. तो चुकीचा आहे, कारण पान सुटले तरी झाड सुटत नाही. उसाच्या किंवा तुरीच्या आड लावलेली झाडे पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचत असाल. उत्तराखंडाने २०१८ पासून परवान्याने जी लागवड सुरू केली, ती ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या, वाख आणि बियांसाठीच्या झाडांची आहे. त्यात ना नशा आहे ना विश्रांती. बिया मात्र पौष्टिक असतात. कुमाऊँ-गढवालात त्यांची चटणी जुनी आहे, आणि २०२१ पासून देशभर त्या खाद्यपदार्थ म्हणून विकण्यास मान्यता आहे.

प्रश्न : गोव्यात तर सगळे चालते ना?

उत्तर : नाही. वरील कायदा केंद्राचा आहे आणि तो गोव्यालाही तसाच लागू आहे. किनाऱ्यावर कोणी काही ओढताना दिसतो, याचा अर्थ त्याला अजून कोणी पकडलेले नाही, एवढाच. याच ओघात आणखी एक सांगतो : महाराष्ट्रात भांगदेखील १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि परवान्याशिवाय ती बनवणे किंवा बाळगणे गुन्हा ठरतो. महाशिवरात्रीची सबब तेथे चालत नाही.

प्रश्न : आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ राहतो. माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ६८. त्यांना झोप लागत नाही. येथील सरकारमान्य दुकानात ‘इंडिका’ लिहिलेल्या गोड वड्या मिळतात. शेजारणीने त्या सुचवल्या आहेत. देऊ का?

उत्तर : तुमची कळकळ समजते, तरीही माझे उत्तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका’ असेच आहे, आणि सासूबाईंना न सांगता चहाबरोबर पुढे करण्याचा विचार तर मनातही आणू नका. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजाचा व्यवहार कायदेशीर आहे आणि खाद्यपदार्थाच्या एका वेष्टनात १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी घालता येत नाही. पण १० मिलिग्रॅम ही सवयीच्या तरुणाची मात्रा झाली; प्रथमच घेणाऱ्याने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घ्यावे, असे तेथील आरोग्य खातेच सांगते.

खाण्यातून घेतलेल्या टीएचसीचा स्वभाव धुराहून निराळा असतो. परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, भर यायला चार तासही लागू शकतात, आणि यकृतात त्याचे जे रूपांतर होते ते अधिक जोरकस असते. वयस्क माणूस तासभर वाट पाहतो, ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी वडी घेतो आणि मध्यरात्री भ्रमिष्टासारखा उठून बसतो. अशा वेळी बाथरूमकडे जाताना रक्तदाब उतरून घेरी येते, आणि ६८ व्या वर्षी मांडीचे हाड मोडले तर झोपेचा प्रश्न मागेच राहतो. सासूबाई रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेत असतील, तर टीएचसी व सीबीडी या दोहोंमुळे त्याचा परिणाम वाढू शकतो. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तरी डॉक्टरांना त्यांची पूर्ण यादी दाखवा.

पाकिटावरच्या ‘इंडिका’ या शब्दाचे तर येथे काहीच काम नाही. वड्या बहुधा झाडापासून काढलेल्या अर्कापासून बनवलेल्या असतात. त्यात झाडाची मूळ सुगंधी द्रव्ये बरीचशी उरलेली नसतात, आणि ते झाड रुंद पानाचे होते की अरुंद, हे त्या वडीला ठाऊक नसते. त्याऐवजी सासूबाई दुपारी किती वेळ झोपतात, संध्याकाळी चहा किती घेतात, पुण्याच्या आणि टोरांटोच्या घड्याळातले अंतर अजून अंगातून गेले आहे की नाही, आणि परक्या गावात दिवसभर घरात बसून त्यांना करमते का, हे आधी पाहा. सकाळी उन्हात अर्धा तास चालणे या वयात पुष्कळदा गोळीहून अधिक काम करते.

डॉक्टरांनी संमती दिली आणि वड्या आणल्याच, तर परतीच्या सामानात एकही वडी राहिलेली नाही, याची खात्री तुम्ही स्वतः करा. परवानगीशिवाय गांजाचा कोणताही पदार्थ कॅनडाबाहेर नेणे हा तेथेही गुन्हा आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर ती डबी उघडली गेली तर जाब सासूबाईंना द्यावा लागेल.