कुत्र्यांसाठी परसात कृत्रिम लॉन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (यावल): घरामागे २० बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे. काळी माती, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. दोन लॅब्रेडॉर आहेत. जागा सपाट करून थेट लॉन अंथरले तर? सामान किती लागेल?

उत्तर: थेट अंथरू नका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. पहिल्याच वर्षी लॉनला उंचवटे येतात, जोड उघडतात. शिवाय ओली झाली की ती पाणी खाली जिरू देत नाही, म्हणून मूत्र लॉनखालीच साचते.

आठ इंच माती काढा. खोदलेल्या तळालाच घराकडून गटाराकडे उतार द्या, दर आठ फुटांना एक इंच. तळावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) कापड अंथरा आणि जोडावर ते फूटभर एकमेकांवर घ्या. हे कापड वगळले तर माती हळूहळू खडीत वर चढते आणि पाण्याची वाट बंद होते. त्यावर ४ इंच मुरूम पाणी मारून ठोका, मग ३ इंच खडी, शेवटी १ इंच ६ मिमीची बारीक चिप. क्रशरची पीठ झालेली भुकटी घेऊ नका, ती सिमेंटसारखी बसते. उताराच्या खालच्या कडेला भोके पाडलेला ३ इंची पीव्हीसी पाइप कापडात गुंडाळून टाका आणि गटारापर्यंत न्या.

३०० चौरस फुटांना मुरूम सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी एक ब्रास आणि चिप पाव ब्रासहून थोडी जास्त लागेल. ठोकल्यावर थर बसतो, ते यात धरले आहे.

रोल बहुधा २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून किंचित जास्त रुंद असतो. पट्टे १५ फुटांच्या बाजूने टाका. तीन पट्टे १९ फूट ८ इंच भरतात. दोन जोडांच्या चारही कडा इंचभर कापल्यावर १९ फूट ४ इंच उरतात. दोन्ही टोकांना चार-चार इंचांची विटेची कड बांधली की जागा बरोबर भरते आणि तुकडा वाया जात नाही. सगळ्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवा. जोडाखाली टेप आणि पीयू (पॉलीयुरेथेन) ग्लू वापरा. ग्लू सकाळीच लावा, दुपारच्या उन्हात तो पसरण्याआधीच धरतो.

प्रश्न (चाळीसगाव): दुकानात ४० मिमीचे दाट लॉन दाखवतात. तेच घ्यावे का?

उत्तर: नाही. लांब पात्यांत विष्ठा अडकते. कुत्र्यांसाठी २५ ते ३० मिमी पुरे. रोल उलटा करून पाहा. पाठीला पुरेशी भोके हवीत आणि ती पीयूची असेल तर उत्तम. लॅटेक्सची पाठ मूत्राने आणि उष्णतेने लवकर ठिसूळ होते. पात्यांमध्ये भरायला काळा रबराचा चुरा मुळीच घेऊ नका.

प्रश्न (भुसावळ): मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. लॉन तापेल का? पाणी मारून भागेल?

उत्तर: तापेल, आणि फार तापेल. थेट उन्हातले कृत्रिम लॉन हवेपेक्षा २० ते ३० अंशांनी जास्त गरम होते. पन्नाशीच्या वर गेलेल्या पृष्ठभागावर कुत्र्याचे तळवे मिनिटभरात भाजू शकतात. खऱ्या गवतातून पाण्याची वाफ होते म्हणून ते थंड राहते. प्लॅस्टिकला ती सोय नाही. पाणी मारले की तापमान झटकन उतरते, पण वीसेक मिनिटांत पुन्हा जवळपास पूर्वीच्या पातळीवर येते. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची ओढ असताना हा उपाय परवडणारा नाही.

खरा उपाय सावलीचा. केळीच्या रोपवाटिकांवर असते ती ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लॉनपासून आठ-नऊ फूट उंचीवर बांधा आणि पश्चिमेकडे ती खाली उतरवा, कारण तिसऱ्या प्रहरचे ऊन तिकडूनच येते. आमचे स्पष्ट मत आहे की खान्देशात पूर्ण परसात लॉन घालू नये. निंबाच्या किंवा नेटच्या सावलीत येईल तेवढ्याच भागात घाला, बाकी माती राहू द्या. कुत्र्याला सोडण्याआधी तळहाताची मागची बाजू लॉनवर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर त्याला बाहेर सोडू नका.

प्रश्न (धुळे): दोन वर्षांपूर्वी लॉन बसवले. उन्हाळ्यात वास येतो आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की सहन होत नाही. फिनाइल टाकतो, उपयोग नाही.

उत्तर: फिनाइल आजच थांबवा. ते चाटण्यातून पोटात जाते आणि मांजरांना तर विषासारखे असते. ब्लीचही नको, मूत्रातल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो.

मूत्रातल्या युरियाचे जिवाणू अमोनिया करतात. ऑक्टोबर ते जून पाऊस नाही, म्हणून तो खडीत साठत जातो आणि पहिल्या सरीने ओला होऊन वर येतो. कुत्रा रोज जिथे बसतो त्या ठरावीक जागी दररोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता. आठवड्यातून एकदा एन्झाइम क्लीनर (मूत्राचे विघटन करणारे द्रावण) टाका, तोही सूर्य मावळल्यावर. तो किमान पंधरा मिनिटे ओला राहिला तरच काम करतो, उन्हात त्याआधीच वाळतो. तरीही वास राहिला तर पात्यांत भरलेली वाळू काढून दाणेदार झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) भरा, चौरस फुटाला अर्धा ते पाऊण किलो. ते अमोनिया धरून ठेवते. जळगाव परिसरातल्या खाणींमधले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, पण इथे लागते ती क्लिनोप्टिलोलाइट जात, तीच मागा. एवढे करूनही फरक पडला नाही, तर दोष खालच्या उतारात आहे. एक कोपरा उचला आणि पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहा.

प्रश्न (अमळनेर): मागे शहाबादी फरशी आहे. तिच्यावर चालेल?

उत्तर: चालेल, पण खाली प्लॅस्टिकचे ड्रेनेज सेल (खालून पाणी वाहून जाऊ देणारे जाळीदार तुकडे) टाका आणि लॉन कुठेही चिकटवू नका. उचलता येतील असे तुकडे ठेवा, दर पंधरवड्याला उलटे करून धुवा.

प्रश्न (शिरपूर): चार महिन्यांचे पिल्लू कडा उकरते, पाती चावते.

उत्तर: गिळलेली पाती आतड्यात अडकू शकतात. दात बदलून होईपर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांचे होईपर्यंत, त्याला लॉनवर एकटे सोडू नका. कडेला दर सहा इंचांवर सहा इंची खिळे ठोका आणि कडेच्या दोन फुटांत लॉनखाली गॅल्व्हनाइज्ड जाळी टाका, तिची टोके खाली वळवून. पिल्लू पाती गिळून उलट्या करू लागले, किंवा त्याने खाणे सोडले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.