जर्नल व्हाउचरच्या क्रमांकांविषयी

इंदूरला सियागंजातल्या पेढीवर आपण नुकतेच हिशेब लिहायला बसला आहात, म्हणून आधी हे सांगतो. जर्नल नोंदींना, म्हणजे घसारा किंवा चूकदुरुस्ती अशा रोख वा बँकेचा व्यवहार नसलेल्या नोंदींना, सलग क्रमांक द्यावेत, असे कंपनी कायद्याच्या, हिशेबाच्या वह्यांविषयीच्या कलम १२८ मध्ये शब्दशः लिहिलेले नाही. विक्रीच्या बिलांचे मात्र तसे नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो, आणि रद्द केलेली बिलेही जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात मोजून दाखवावी लागतात.

तरीही जर्नलचा क्रम मोडू देऊ नका. एका मार्चअखेरीस माझ्या वहीत २१२ नंतर थेट २१४ आले. मधली घसाऱ्याची (वापराने मालमत्तेच्या घटणाऱ्या किमतीची) चुकीची नोंद मीच पुसली होती, आणि ते ऑडिटरला पटवून देण्यात दोन संध्याकाळी गेल्या. चूक झालीच तर नावे-जमा अदलाबदल करून उलट नोंद करा आणि तपशिलात मूळ क्रमांक लिहा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर डिलीट न करता ऑल्ट-एक्सने रद्द करा, म्हणजे क्रमांक जागेवर राहतो. पेढीची उद्या कंपनी झाली, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करू न देणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागेल.