वय ३१, बारावीला बायोलॉजी नाही, आणि अमेरिकेत जाऊन मेडिकल?

तुझा प्रश्न परवाच वाचला होता, पण लगेच लिहवेना. इन्स्ट्रुमेंटेशनची बीई, नाशकात अंबडला आठ वर्षं नोकरी, मिस्टरांचा एच-वन (नोकरीचा व्हिसा) झालाय, तू पाच वर्षांच्या मुलाला घेऊन एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर) येणार आणि इथे आल्यावर डॉक्टर व्हायचंय. अगं, अंबडच्या जागी सातपूर घातलं की ही माझीच गोष्ट आहे. मी आता ३९ ची आहे, मेडिकलच्या थर्ड इयरला. अहोजाहो करत नाही, राग मानू नकोस.

व्हिसा, फी, तारखा हे सगळं कुठेही मिळेल. मला आधी सांग, नाशकातच राहून ‘नीट’, म्हणजे तिथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, का नाही द्यायची? वयाची वरची अट २०२२ मध्ये गेली, बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून घेतलेलंही २०२३ पासून चालतं, आरोग्य विद्यापीठ तर तुमच्या म्हसरूळलाच आहे. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, संपलं. मला तेव्हा हे कोणी विचारलं असतं तर मी चिडले असते, तूही चीड, पण उत्तर स्वतःपुरतं देऊन ठेव.

इथे मेडिकलला जायचं तर आधी डिग्री लागते, ती तुझ्याकडे आहे, पण बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे लॅबसकट लागतं आणि बरीचशी कॉलेजं ते अमेरिकेतच केलेलं मागतात. म्हणजे दोन-अडीच वर्षं त्यातच जातात. मग एमकॅट, इथली मेडिकलची साडेसात तासांची प्रवेश परीक्षा, मार्क ४७२ ते ५२८ मध्ये (ही काय पद्धत आहे मार्क द्यायची, मला अजून कळलेलं नाही). मग अर्ज, तो उन्हाळ्यात केला तर ॲडमिशन पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. ग्रीन कार्ड नसेल तर सरकारी लोन नाही आणि कितीतरी कॉलेजं तुझा अर्ज उघडूनही बघत नाहीत. काही तर चार वर्षांचे पैसे आधीच दाखवा म्हणतात. एकूण खर्च अडीच लाख डॉलरच्या पुढेच धर. आमचा गंगापूर रोडचा फ्लॅट विकला, तो पहिल्याच वर्षात संपला. माझी पहिली खेप वाया गेली, एकाही कॉलेजने इंटरव्ह्यूला बोलावलं नाही, दुसऱ्या वेळी एक सीट मिळाली. एकच.

आता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजने सही-शिक्क्याने द्यायचा सगळ्या वर्षांच्या मार्कांचा कागद. हे मात्र निघायच्या आधी कर, हात जोडून सांगते. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर सासरचं, त्यामुळे इथल्या लोकांना वाटलं या दोन वेगळ्या बायका आहेत. ॲफिडेव्हिट झालं, लग्नाचं सर्टिफिकेट झालं, मग म्हणे ट्रान्सक्रिप्टचं पाकीट सीलबंद पाहिजे आणि शिक्का फ्लॅपवर अर्धा इकडे अर्धा तिकडे असा पाहिजे. कॉलेजच्या क्लार्कने शिक्का मारला तो पाकिटाच्या पुढच्या बाजूला. पाकीट परत. बाबा पंचवटीतून स्कूटरवर ऐन मे महिन्यात चार खेपा करत होते, साहेब जेवायला गेलेत, साहेब रजेवर आहेत. दोन वर्षांनी घरी गेले तेव्हा त्यांच्या डायरीत हिशोब सापडला: पेट्रोल, झेरॉक्स, कुरिअर आणि "चहा (क्लार्क)". आणि गंमत बघ, मेडिकलच्या अर्जात परदेशातले मार्क ते सरासरीत धरतच नाहीत. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो. अभ्यास असला की कळत नाही. पुढे.

मुलाचं सांगते. शाळेत घालताना एक फॉर्म देतात, मूल पहिलं काय बोलायला शिकलं, घरात कुठली भाषा बोलता, मूल जास्त कुठली बोलतं. मी तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं, अभिमानाने लिहिलं. त्यावरून त्याची इंग्रजीची टेस्ट झाली, पाच वर्षांचा पोरगा अनोळखी बाईसमोर गप्प बसला, झालं, इंग्रजी न येणाऱ्यांच्या यादीत. त्याचा एक कागद दप्तरातून घरी आला, टिफिनखाली दुमडलेला, वरणाचा डाग पडलेला, आणि मी तो न वाचता सही केली, कारण चार दिवसांवर माझी परीक्षा होती. मग तीन वर्षं रोज त्याला वर्गातून उठवून इंग्रजी शिकवायला वेगळ्या खोलीत नेत होते, तेही सायन्सच्या तासाला. मला कळलं कधी, तर त्याने विचारलं, "आई, मी ढ आहे का?" शाळेशी भांडले, त्यांनी माझीच सही दाखवली. नवरा काही बोलला नाही, तो कधीच बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. आज सायन्स म्हटलं की पोरगा तोंड वाकडं करतो आणि आई त्याची डॉक्टर होतेय.

म्हणून फॉर्मवर काय लिहू असं विचारशील तर मला सांगता येणार नाही. खोटं लिही असं कसं म्हणू? आता तो मराठीत उत्तरच देत नाही, मी विचारते मराठीत, तो बोलतो इंग्रजीत, बाबांचा फोन आला की "हां आजोबा" एवढंच. तोच फॉर्म आज आला तर खरं म्हणून इंग्लिशच लिहावं लागेल.

तू ये की नको येऊस, मी काय सांगू, मी तर आले आणि परत विचारलं तरी बहुतेक येईनच. फक्त निघायच्या आधी कॉलेजात स्वतः जा, वडिलांना पाठवू नकोस, आणि शिक्का फ्लॅपवर पडतोय का ते तिथेच उभी राहून बघ. दोन पाकिटं जास्तीची घे.