तिसऱ्या दिवशीही न उतरणारा ताप

दोन वर्षांच्या मुलाचा ताप तिसऱ्या दिवशीही पुन्हा पुन्हा चढत असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवावे; मात्र घाबरू नये. दोन मुलांची आजारपणे काढल्यावर मी थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा मुलाकडे अधिक पाहू लागले. औषधानंतर ते घोट घोट पाणी पिऊन खेळू लागले, तर ते चांगले लक्षण समजावे.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत 4 ते 6 तासांचे अंतर. सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. मी झाकणावर चिकटपट्टी लावून आकडा लिहीत असे, आणि डोसाची वेळ व ताप कॅलेंडरच्या जुन्या पानामागे; डॉक्टरांनी प्रथम तोच कागद मागितला.

हे टाळावे:
- बर्फाच्या पाण्याने अंग पुसणे, किंवा गोधडीत गुंडाळून घाम काढणे (आजी रागावल्या तरी).
- मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक.
- डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही तापाची इतर औषधे. ॲस्पिरिन तर मुलांना स्वतःहून कधीच देऊ नये.

सुस्ती, धाप, झटका (आकडी), ताठ मान, सतत उलट्या किंवा आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे. डेंगीत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात, म्हणून तेव्हाही लक्ष ठेवावे.